बगळीच्या बांधावर जिलबी

११ डिसेंबर १९५७. तळवली

लग्नातल्या लुगड्यावरचा रक्ताचा डाग निघत नाही. लिंबू लावलं, मीठ चोळलं. मिठाला या घरात तोटा नाही, पण डाग आहे तिथेच आहे.

रक्त जिलबीचं. पनवेलहून मचव्याने आलो. मी, दादा, ट्रंक आणि मांडीवर जिलबी. धक्क्यावर बायका जमल्या होत्या नवरी बघायला, त्या कुत्रीच बघत बसल्या. सासूबाईंनी नाव विचारलं. माझं नव्हे, तिचं. मी म्हटलं, शेपटी वळलेली आहे म्हणून जिलबी. त्या म्हणाल्या, "कुत्रीचा नाव जिलबी, मंग सुनेचा काय, बासुंदी?" सगळा धक्का हसला. मलाही हसू आलं, पण नवरीने हसायचं नसतं म्हणून गिळलं.

घरी ओट्याच्या टोकाला एक पांढरी म्हातारी कुत्री बसलेली. जिलबी उडी मारून सरळ तिच्यापाशी. ती भुंकली नाही, गुरगुरली नाही. उठली, जिलबीचा कान तोंडात धरला, सोडला, परत बसली. जिलबीचं ओरडणं घणसोलीपर्यंत गेलं असेल.

ना. (नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून कागदावर अर्धंच घेते. सासूबाई म्हणजे सा. त्यांचं अर्धं केलं ते मजेखातर) संध्याकाळी म्हणाले, "ही बगली. गंगूची कुत्री हाय. हिला या घरातून कोनी हलवाचा नाय. दोघींचा पटला तर तुजी राहील. नाय पटला तर पावसाच्या आदी पनवेलला पोचवून येईन."

एवढं बोलून दमल्यासारखे उठून गेले. गंगू म्हणजे ह्यांची पहिली. दोन पावसाळ्यांपूर्वी तापात गेली. मला बघायला आले तेव्हाच सांगितलं होतं. बगळीचं सांगितलं नव्हतं. मीही जिलबीचं सांगितलं नव्हतं, म्हणजे फिटंफाट.

१३ डिसेंबर

पनवेलला पोचवून येईन म्हणे. पनवेलला कोणाकडे? निघताना वहिनीने स्पष्ट सांगितलं, तुम्ही जाताय तर ती पण जाऊ दे, मागे ठेवलीत तर मी दार उघडणार नाही. म्हणजे जिलबी पनवेलला गेली की रस्त्यावर. बंदराची कुत्री तिला एक दिवस जगू देणार नाहीत.

हे ह्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर भीक मागितल्यासारखं होईल. आणि माहेरचं असलं कशाला सांगायचं.

मी शिकवायचे त्या शाळेच्या व्हरांड्यात जिलबी सापडली तेव्हा मुठीएवढी होती. मुली डब्यातली पोळी घालायच्या. मी सत्तावीस वर्षांची घोडनवरी, शाळा सुटली की घरी कोणी वाट बघत नसे. ही बघायची. मी गल्लीत शिरले की स्वतःभोवती गरगर फिरायची. अजून फिरते. कान दुखतोय तरी.

१८ डिसेंबर

जिलबी मागच्या चिंचेला बांधलेली. बगळी ओट्यावर. मधे घर, घरात मी.

आज सकाळी तांदूळ निवडायला ओट्याच्या टोकाला बसले. उजेड छान येतो तिथे. सा. चुलीपाशी बोलत होत्या त्या गप्प झाल्या. ना. दातण करत होते ते थांबले. शेजारची काकू कुंपणाशी उभी राहिली. बगळी माझ्याकडे बघत होती. मग कळलं. गंगू तिथेच बसायची.

सूप घेऊन उठले. तांदूळ आत अंधारात निवडले. जेवताना सा.च्या दाताखाली खडा आला, बोलल्या मात्र काही नाहीत. पहिल्यांदाच.

बगळी कोणाच्या हातचं खात नाही. करवंटीत भात ठेवायचा आणि निघून जायचं. लपून बघितलं. नुसता वास घेते आणि रस्त्याकडे बघत बसते, खाण्याआधी कोणीतरी यायचं असल्यासारखी.

२८ डिसेंबर. मिठागर

घर बंद करून सगळे मिठागरावर. आता पाऊस येईतो इथेच, खोपटात. मला वाटलं होतं मिठागर म्हणजे मिठाचे डोंगर. अजून मिठाचा कणही नाही. नुसतं पाणी, चिखल, आणि मधून मधून बांध. पाणी इतकं पातळ की त्याला रंगच नाही. सकाळी धुकं असतं तेव्हा आभाळ कुठे लागतं तेच कळत नाही. माणसं हवेत चालल्यासारखी दिसतात. मी तोंड उघडं टाकून बघत राहते. सा. म्हणतात, "मास्तरीन, माश्या जातील."

दोन्ही कुत्र्या आल्यात. इथे ओटा नाही, कोपरा नाही, गंगूची बसायची जागा नाही. बगळी खोपटाच्या या बाजूला, जिलबी त्या बाजूला. भांडण नाही. ना. म्हणाले, "हितं जमिनीचा मालक समुद्र हाय, भांडतील कशावरून."

ह्यांच्या तोंडून इतकं लांब वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

३ जानेवारी १९५८

आज वाफे मळले. मीठ पिकायच्या आधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा असतो. सगळ्यांनी एकमेकांच्या कमरेला धरून रांग करायची आणि एका तालात पाय आपटायचे, बायका गाणं म्हणतात. मीही रांगेत. एका बाजूला सा., दुसऱ्या बाजूला घणसोलीची एक जाडजूड बाई. पाय चिखलात गार, वर ऊन. कितीतरी वेळाने बघितलं तर पायाखाली दगडी पाटी. तोंड दिसेल इतकी गुळगुळीत. मला एकदम झोप आल्यासारखं सुख वाटलं.

तेवढ्यात जिलबीला मी दिसले. ती आली सरळ, वाफ्यातून, गरगर फिरत. ओल्या पाटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलांची फुलं.

गाणं थांबलं. वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. सा. म्हणाल्या, "तुज्या कुत्रीनं रांगोली काढली, आता हलदकुंकू ठेव." कोणी हसलं नाही. वाफ्यात खड्डा राहिला की तिथे चिखल धरतो, मीठ काळं येतं.

बगळी बांधावर उभी राहून सगळं बघत होती. ती कधीच खाली उतरत नाही. बांध हातभर रुंद, त्यावरून एक पाय दुसऱ्यापुढे टाकत जाते, बगळ्यासारखी. म्हणून गंगूने ते नाव ठेवलं असणार.

संध्याकाळी सगळे गेले. ना. एकटेच वाफ्यात उतरले आणि जिलबीची फुलं एकेक करून पायाने पुसत राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "राहू दे." रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

१० जाने.

इथला नियम आज शिकले, फजिती होऊन.

बांधावर समोरासमोर दोघं आले तर बाजूला व्हायला जागा नसते. ज्याच्याजवळ ओझं आहे त्याने पुढे जायचं, रिकाम्याने वळून आल्या वाटेने परत जायचं. वाफ्यात पाय घालायचा नाही, काही झालं तरी. मी रिकामी, समोरून सा. डोक्यावर मातीची टोपली घेऊन. मी शहाणपणाने अंग चोरून उभी राहिले, म्हटलं जातील. त्या थांबल्या. मी थांबले. दोघी उभ्या. शेवटी म्हणाल्या, "रिकाम्यान फिराचा, भरल्यान जावाचा. शालेत शिकवला नाय काय?"

मग वळले आणि पुढे चालत राहिले. मागून सा.चा श्वास ऐकू येत होता.

तसंच ह्या दोघींचं. समोरासमोर आल्या की दोघीही रिकाम्या. बगळी उभी राहते. जिलबी पोटावर बसते, शेपटी सरळ करते (भ्याली की तिची जिलबी उलगडते), आणि मग वळते. दर वेळी जिलबीच वळते. मला वाईट वाटतं. मग मला वाटतं, मीही तर वळले.

२२ जाने.

स्वप्न. पांढरा बांध, दोन्हीकडे पाणी. पुढे एक बाई चालली आहे, डोक्यावर टोपली. तिच्या मागे बगळी. मी त्यांच्या मागे. चालते, चालते, अंतर तेवढंच. बाई मागे वळून बघत नाही. मला तिचं तोंड बघायचं आहे पण हाक मारायला नाव येत नाही. नाव मला माहीत आहे, पण

जाग आली तर सा. चूल पेटवत होत्या. विचारलं, गंगू दिसायला कशी होती? त्या फुंकर घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागंना तुज्यासारखी. पुढना नाय."

४ फेब्रु.

मीठ धरायला लागलं. पाण्यावर आधी साय येते, मग ती खाली बसते. दुपारी डोळे उघडवत नाहीत. सगळं इतकं पांढरं की आपलीच सावली सोबतीला बरी वाटते.

पाय फुटले सगळ्यांचे. संध्याकाळी करंजाचं तेल गरम करून पायांना चोळायचं, ही इथली आरती. वास भयंकर. मी माझे पाय झाले की जिलबीचे चोळते. खारं पाणी लागून तिची बोटं लाल झालीत. ती पाठीवर पडून चारही पाय देते, राणीसारखी.

आज बगळी खोपटाच्या तिच्या बाजूने या बाजूला आली. लांब बसली. तेलाच्या वाटीकडे बघत होती. तिच्या पायांना भेगा आहेत, चालताना डावा पुढचा उचलून धरते. मी हाक नाही मारली. वाटी तिच्या दिशेने थोडी सरकवली तर उठून गेली.

१२ फेब्रु.

वाटी रोज थोडी त्या बाजूला ठेवते. ती रोज थोडी जवळ बसते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नाही. शाळेत हट्टी मुलीशी असंच करायचे. फळ्याकडे तोंड करून शिकवत राहायचं, ती आपण होऊन पाटी काढते.

५ मार्च. होळी

सगळे गावात गेले होळीला. मी अंग दुखतं म्हणून राहिले. खोटंच.

मिठागरावर मी आणि दोघी. पौर्णिमेचा चंद्र दिवेलागणीलाच वर आला, मिठाच्या राशी उजळल्या. लांब गावातून ढोल. बांधावरून बगळी चालली होती आणि तिच्यामागे बरंच अंतर ठेवून जिलबी. बाजाराला निघालेल्या दोन जावांसारख्या. बोलणं नाही पण सोबत आहे. जिलबीने एकदाही वाफ्यात पाय घातला नाही. बगळी जिथे वळते तिथे वळते, थांबते तिथे थांबते. शिकली कधी? मी तर शिकवलं नाही.

असंच राहावं. गावात कोणी परत जाऊच नये.

२३ मार्च

पाय दिला.

वाटी माझ्यासमोर होती. आली, बसली, डावा पुढचा पाय उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. जड होता. मी तेल घेतलं आणि भेगांतून बोट फिरवत राहिले. मला रडू आलं. जिलबी शेजारी होती, ती काही बोलली नाही.

ना. मीठ ओढायची फळी खांद्यावर घेऊन येत होते, तिथेच उभे राहिले. म्हणाले, "गंगू लावाची. ती गेल्यावर मी लावाला गेलो तर चावली मला." मग खाली बसले आणि स्वतःचे पाय पुढे केले. मी त्यांचेही चोळले. आमच्या लग्नाला इतके दिवस झाले, पण आज कुठे लग्न झाल्यासारखं वाटलं.

६ एप्रिल

जिलबी परवापासून बेपत्ता होती. आज आली. खोपटाबाहेर घणसोलीचा तांबडा कुत्रा बसलाय, ऐटीत, जावई असल्यासारखा. सा. म्हणाल्या, "तुज्या माहेरची अब्रू गेली." बगळीने तांबड्याला बांधापलीकडे हाकलून लावलं. त्याची सासू शोभली.

२९ एप्रिल

मिठाचा मचवा पनवेलला निघाला. ना. बरोबर गेले. जाताना म्हणाले, "तुज्या भावाला इचारून येतो. पाऊस जवल आला." म्हणजे जिलबीचं. विसरले नव्हते तर. मला वाटलं होतं तेलाबरोबर तेही जिरलं.

मी तेव्हाही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? चूल फुंकत राहिले.

१ मे

आले. जेवले. मग म्हणाले, "तुज्या भावानं च्या पाजला. मी कुत्रीचा नाव काढल्यावर वैनीनं कपबशी उचलून नेली." मग विचारलं, "तू सांगला का नाय?"

मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाही.

मग त्यांनी खरं ते सांगितलं. गंगूला जाताना शुद्ध होती. बगळीला घरातून हलवू देऊ नका, ती माझ्या जागेवर बसेल, एवढंच मागितलं तिने. "शबद तिला दिलाय, तुला नाय. हितं पटतंय त्यांचा, पन घर हितं नाय, ओटा हितं नाय. ओट्यावर काय व्हतंय ते बघू." पनवेलला नाही तर मग कुठे, हे मी विचारलं नाही. त्यांनाही माहीत नसणार.

मला राग यायला हवा होता. मेलेल्या माणसाशी इमान राखणारा नवरा मिळाला, त्याच्यावर रागवायचं कसं ते कोणी शिकवलेलं नाही.

१६ मे

आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवते.

दुपारची वेळ, ऊन इतकं की राशी हलल्यासारख्या दिसतात. बांधावर दोघी समोरासमोर आल्या. जिलबी नेहमीसारखी बसायला गेली, पण बसवेना. पोट आलंय. कधीची मी म्हणत होते, भात जास्त होतोय. बगळीने तिला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं. उभी राहिली. आणि वळली. म्हातारी कुत्री त्या हातभर बांधावर चार पाय गोळा करून वळली आणि आल्या वाटेने परत गेली. मागून जिलबी, पोट सांभाळत.

सगळे बघत होते. कोणी फळी ओढेना. सा. म्हणाल्या, "भरल्यान जावाचा." त्यांचा आवाज निराळा होता. ना.नी डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. घाम होता, असं आपण म्हणू.

२८ मे

घरी आलो. राशींवर गवत घालून झालं. उघाडी, म्हणजे बांधातली झडप, उघडली, खाडीचं पाणी आत सोडलं. जिथे जानेवारीत पाटी घोटली तिथे आता भरतीला कमरेइतकं पाणी असेल. सगळी मेहनत पाण्याखाली आणि कोणालाच त्याचं वाईट वाटत नाही. पुढच्या वर्षी परत घोटतील.

बगळी ओट्यावर चढली, टोकाला जाऊन बसली. जिलबी पायरीशी उभी. मी दारात. ना. कुंपणाशी, उगाच काठी तासत. सगळे डोळे ओट्यावर. काहीच झालं नाही. जिलबी खालीच निजली, पायरीला टेकून.

३० मे

जिलबी जागा शोधतेय. चिंचेखाली उकरते, लाकडांमागे उकरते, परत ओट्याकडे येते. दुपारी पायरी चढली. एक. मग दुसरी. मी सूप धरून उभी. सा.नी मला मागे ओढलं.

ओट्याच्या टोकापर्यंत गेली. बगळी उठली. मी डोळे मिटले. ओरडणं आलं नाही. डोळे उघडले तर जिलबी गंगूच्या जागेवर गोल होऊन निजत होती आणि बगळी पायऱ्या उतरत होती, डावा पाय उचलून. रस्त्यात गेली. वळून बघितलं नाही.

मला इतका आनंद झाला की सा.ना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "सोड, वास येतो तुला तेलाचा."

संध्याकाळ. बगळी अजून आली नाही.

१ जून

नाही आली. ना.ना ती मिठागरावर दिसली, रिकाम्या खोपटाच्या दारात. आणायला गेले. आली नाही. उचलू गेले तर चावली.

मला आता कळतंय आपण काय मूर्खपणा केला. तिला बांधाचा नियम येतो, ओट्याचा येत नाही. बांधावर परत फिरलेलं माणूस पुन्हा येतं, दुसऱ्याचं ओझं उतरलं की. ओट्यावरचं ओझं उतरून जात नाही, तिथे वाट सोडली म्हणजे तिच्या लेखी घर सोडलं. आम्ही सगळे हात बांधून बघत राहिलो. मी तर मिठी मारत होते.

ना. म्हणाले, "हलवली कोनी नाय. आपून गेली. पन घरात नाय म्हंजे नाय." जेवले नाहीत. अंथरूण काखेत मारलं. "ती येत नाय तर मी तिकरं झोपतो." गेले.

३ जून

जिलबीला चार पिल्लं. तीन तांबडी, एक पांढरं. पांढरं कुठून आलं देव जाणे. जिलबी मला हात लावू देते. थकून माझ्याकडे बघते, मी चुकले का असं विचारल्यासारखी. तिचं काय चुकलं. तिला पाठ टेकायला जागा हवी होती.

ना. खोपटातच. सा. डबा देऊन आल्या. भरतीचं पाणी खोपटाच्या कुडाला लागतं म्हणाल्या. आभाळ भरून येतंय, अजून पडत नाही. पडायला लागलं की खोपट राहणार नाही, बांध दिसणार नाही. मग तो माणूस काय करेल? दोघांनाही गंगूचंच वेड. मला तिचा राग येत नाही, हेच मला नवल वाटतं. मला तिची जागा नको होती. शेजारी थोडी हवी होती.

६ जून

सा. सकाळी समोर येऊन उभ्या राहिल्या. "तू जा. तुज्या हातचा तेल लावून घेतलाय तिनं. घेऊन ये दोघांना."

मी पांढरं पिल्लू पदरात घेतलं. म्हटलं, बगळीला दाखवेन, हुंगेल, मागे येईल. जिलबीने मान उचलून बघितलं, नेऊ दिलं.

ओहोटी होती म्हणून बाहेरचा बांध उघडा होता. दोन्हीकडे पाणी, आभाळाच्याच रंगाचं. समोरून बगळी येत होती. माझ्याकडेच येत होती, मला खरंच वाटलं. पदरातून पिल्लू कुईं कुईं करायला लागलं. ती थांबली. वास घेतला. आणि वळली. आल्या वाटेने परत, खोपटाकडे. मी भरली, ती रिकामी. मला वाट दिली तिने.

मी मागे मागे गेले तर ती पुढे पुढे. मी जितकी जवळ जाऊ तितकी ती घरापासून लांब. खोपटाच्या दारात ना. उभे होते. ओरडून म्हणाले, "येऊ नको पुढं. ती वाट देते तुला, अजून लांब जाईल."

मी थांबले. बगळीही थांबली, पाठ माझ्याकडे करून. किती वेळ गेला कळत नाही. पिल्लू उबेला निजलं. पाणी हळू वर यायला लागलं होतं. मला ते स्वप्न आठवलं, टोपली घेतलेली बाई पुढे, बगळी मागे.

मग मी वळले. भरल्या हाताने. असं कोणी करत नाही. वाट मी दिली, आणि घराकडे तोंड करून चालायला लागले. हळू, गंगू चालत असेल तशी. मागून काहीतरी येत होतं. चपक, चपक. भरतीचं पाणी बांधाला लागतं तेव्हा असाच आवाज होतो. आणि तीन पायांवर तोल धरून चौथा उचलत चालणाऱ्या कुत्रीचाही असाच होईल. बघावंसं वाटलं. स्वप्नात ती बाई बघत नव्हती, मीही नाही बघितलं.

घरी आले. पिल्लू जिलबीच्या पोटाशी ठेवलं. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले आहे, रस्त्याकडे पाठ करून, आणि हे लिहिते आहे. तेलाची वाटी शेजारी ठेवली आहे. ना.चा पायरव आला नाही. सा. आत भाकऱ्या थापत होत्या, त्यांचा आवाज थांबला आहे.

जिलबीने मान वर केली. माझ्या खांद्यावरून रस्त्यात बघते आहे. पिल्लांसकट थोडी सरकली, भिंतीकडे, शेजारी एकीला पुरेल एवढी जागा झाली आहे. शेपटी अजून सरळच, बांधावर बगळी समोर आली की व्हायची तशी. मी लिहिते आहे तोवर मागे बघणार नाही